सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त दडलेला जिल्हा

बार्शी आणि परांडा ही दोन शेजारची तालुक्याची गावं. मधल्या रस्त्याला दोन्हीकडे ज्वारी सारखीच, बोलीत फारसा फरक नाही, लेकी इकडच्या तिकडे दिलेल्या. पण मध्ये कुठल्याशा शिवारात कायदा बदलतो. बार्शीच्या शेतकऱ्याला कुळकायद्यात (कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा) मिळालेली जमीन विकायची असेल तर तहसीलमध्ये १९४८ च्या कायद्याचं कलम ४३ काढलं जातं. परांड्याच्या शेतकऱ्यासाठी १९५० च्या हैदराबाद कायद्याचं कलम ५०-ब. शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन घेता येत नाही, ही बंदी बार्शीत कलम ६३ खाली येते, परांड्यात कलम ४७ खाली, आणि तिकडे वर्ध्या-अमरावतीत कलम ८९ खाली. राज्य एक, प्रश्न एक, कायदे तीन.

बार्शी सोलापूर जिल्ह्यात म्हणजे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होती आणि परांडा निजामाच्या राज्यात. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा आणि विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. नकाशावरची रेघ पुसली, कायद्यातली राहिली. २०१२ साली सरकारने जुन्या कायद्यांच्या नावांतला ‘मुंबई’ शब्द काढून ‘महाराष्ट्र’ घातला. मराठवाड्याच्या कुळकायद्याचं नाव मात्र ‘हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम’ असंच आहे. जे शहर आता दुसऱ्या राज्याची राजधानी आहे, त्याच्या नावाच्या कायद्याने परभणीच्या शेतकऱ्याचा निकाल लागतो, आणि याचं कुणाला फारसं नवलही वाटत नाही.

मी वकील नाही, इतिहासकारही नाही. पण घरच्या आणि ओळखीच्यांच्या जमिनींचे कागद वाचता वाचता माझं एक ठाम मत झालं आहे: सातबाऱ्यावरचा जो शेरा आपल्याला कळत नाही, तो बहुतेक वेळा आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासाचा न शिकवलेला भाग असतो. शाळेत आम्हाला पानिपतात किती फौज होती ते शिकवलं. गावची जमीन कुणाकडून कुणाकडे कशी गेली, हे एका ओळीतही नव्हतं.

सातबाऱ्यात नेमकं काय असतं

गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र छापतात म्हणून सातबारा. सातमध्ये जमीन कुणाची, किती, कोणत्या प्रकारची, बारामध्ये पीक. सातच्या वरच्या भागात ‘भूधारणा पद्धती’ असते आणि तिथे ‘भोगवटादार वर्ग १’ किंवा ‘वर्ग २’ असं लिहिलेलं असतं. वर्ग १ म्हणजे ढोबळमानाने मालक आपल्या मर्जीने विकू शकतो. वर्ग २ म्हणजे जमीन आहे तुमच्याच ताब्यात, पण सरकारने अट घातली आहे. विकायची तर परवानगी किंवा नजराणा, म्हणजे त्यासाठी सरकारला भरायची रक्कम.

ही विभागणी १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतली. या संहितेने आपल्या आधीच्या तीन राज्यांचे महसूल कायदे एका मोटेत बांधले: मुंबईचा १८७९ चा, हैदराबादचा फसली १३१७ चा (निजामाच्या राज्यातला सन; म्हणजे साधारण १९०७) आणि मध्य प्रदेशचा १९५४ चा. प्रत्येक भागात धारकांची नावं वेगळी होती. विदर्भात ‘भूमिस्वामी’ आणि ‘भूमिधारी’ असे दोन प्रकार होते. भूमिस्वामी वर्ग १ मध्ये गेला, भूमिधारी वर्ग २ मध्ये. म्हणजे दोन अक्षरांच्या त्या ‘वर्ग २’ मध्ये कुळाची जमीन, वतनाची म्हणजे गावच्या चाकरीबद्दल मिळालेली जमीन, भूमिधारीची जमीन, सरकारने भूमिहीनाला दिलेली जमीन, सगळं कोंबलेलं आहे. प्रत्येकाची अट वेगळी, सुटण्याचा मार्ग वेगळा. ‘वर्ग २ आहे, चालतंय हो’ असं सांगणाऱ्या दलालाला पहिला प्रश्न हाच विचारावा: कोणत्या कायद्याखाली वर्ग २?

उत्तर अनेकदा ‘इतर हक्क’ या रकान्यात असतं. तिथे ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असं असेल तर गोष्ट १९४८ ची. कसेल त्याची जमीन, या तत्त्वावर पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणात १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने खरेदीदार मानला गेला. मग कलम ३२-ग खाली किंमत ठरायची, ती भरली की ३२-म चं प्रमाणपत्र. जमीनमालक विधवा, अज्ञान किंवा अपंग असेल तर कुळाचा हक्क पुढे ढकलला जाई. आज साठ-सत्तर वर्षांनी चालणारे कितीतरी दावे याच एका पोटकलमाच्या फाट्यावर अडकलेले दिसतात, कारण विधवा वारली ती तारीख कुणी कळवलीच नाही.

मिळालेली जमीन कुळाने लगेच सावकाराच्या घशात घालू नये म्हणून विक्रीवर बंधन होतं. २०१४ मध्ये ते सैल झालं. प्रमाणपत्राला दहा वर्षं झाली असतील तर पूर्वपरवानगीची गरज नाही, आकाराच्या चाळीस पट रक्कम सरकारजमा करायची. आकार म्हणजे सातबाऱ्यावर क्षेत्राखाली छापलेली शेतसाऱ्याची रक्कम. ती पाच रुपये असेल तर चाळीस पट म्हणजे दोनशे रुपये. दोनशे रुपयांच्या कामासाठी लोकांनी एजंटाला हजारो मोजलेले मी पाहिले आहेत. घेणारा शेतकरी असला पाहिजे, कमाल धारणा (जमीन किती ठेवता येते याची मर्यादा) आणि तुकडेबंदी (फार लहान तुकडे न पाडणं) पाळली पाहिजे, या अटी मात्र कायम आहेत.

कोकण: खोत आणि वरकस

रत्नागिरी-रायगडच्या कागदांत खोत भेटतो. सरकार आणि गाव यांच्यामध्ये बसून सारा गोळा करणारा हा वंशपरंपरेचा माणूस. सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि कुळांकडून आपला वाटा घ्यायचा. भाताच्या निम्मा असेल तर अर्धेल, तिसरा हिस्सा असेल तर तिर्धेल. वर वेठ होतीच. इंग्रजांनी १८८० साली खोती कायदा करून या व्यवस्थेला कागदी चौकट दिली. कागदावर आल्यावर ती ढिली न होता अधिक घट्ट झाली, असं मला वाटतं. गावच्या रूढीला थोडं तरी वाकवता येतं, छापील कलमाला नाही.

याविरुद्धचा सगळ्यात मोठा लढा अलिबागजवळच्या चरी गावचा. १९३३ मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असं ठरवलं आणि हा संप सुमारे सहा वर्षं चालला. सहा पावसाळे शेत समोर पडीक ठेवायचं आणि लाकडं विकून, मजुरी करून जगायचं. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही की पहिल्या सरीनंतर पेरणी न करणं म्हणजे काय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. पण १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा पहिला कायदा आला, आणि खोती संपवणारा कायदा १९४९ चा. आज अलिबाग परिसरात फार्महाऊससाठी जमीन शोधणाऱ्या किती जणांना माहीत असेल की ज्या ‘कूळ’ शेऱ्याने त्यांचा व्यवहार अडलाय, तो शेरा मिळवायला इथली माणसं सहा वर्षं उपाशी राहिली होती?

कोकणच्या सातबाऱ्यावर आणखी एक शब्द दिसतो, ‘वरकस’. डोंगरउताराची जमीन, जिच्यावरचं गवत-टहाळ भातरोपांच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजण्यासाठी, तोडायचं. खाचर (भाताचं शेत) आणि वरकस ही जोडी होती. एकाशिवाय दुसरं निरुपयोगी. राब भाजणं कमी झालं, वरकस मोकळी पडली, आणि नेमका तिथूनच समुद्र छान दिसतो.

आणखी खाली, सावंतवाडी तालुक्यात आंबोली, गेळे आणि चौकुळ या गावांत ‘कबुलायतदार गावकर’ नावाची पद्धत आहे. सावंतवाडी संस्थानाच्या काळात गावकरांनी मिळून साऱ्याची हमी दिली आणि जमीन सामायिक राहिली. संस्थान संपलं, पण एका माणसाच्या नावावर बसेना अशी ही जमीन कोणत्या रकान्यात लिहायची, हा घोळ पुढे दशकानुदशकं चालला.

विदर्भ म्हणजे एक नव्हे, दोन

विदर्भाला आपण सरसकट एक धरतो. जमिनीच्या कागदात तिथे दोन प्रदेश आहेत. वऱ्हाड, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, हा मुळात निजामाचा मुलूख. १८५३ मध्ये इंग्रजांनी तो फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी आपल्या ताब्यात घेतला आणि १९०२ च्या करारात वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला. तिथे रयतवारी होती, शेतकरी थेट सरकारला सारा भरे. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचं चंद्रपूर) इकडे मात्र मालगुजारी. गावाचा मालक मालगुजार. झाडी, पडीक, तलाव, सगळं त्याच्या नावे.

पूर्व विदर्भातले ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळापासून बांधलेले, कोहळी समाजाच्या पाण्याच्या जाणकारीतून उभे राहिलेले हजारो तलाव भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत आहेत. १९५० च्या मध्य प्रदेशच्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून हे तलाव सरकारचे झाले. मालगुजार गेला ते बरंच झालं. पण त्याच्याबरोबर दर उन्हाळ्यात पाळ दुरुस्त करायला माणसं लावणारी यंत्रणाही गेली, आणि तिची जागा घेणारं खातं कधी हे, कधी ते. गाळ साचत गेला. मग ज्या पाण्यावर आजोबांचा हक्क होता त्याची पाणीपट्टी का भरायची, हा वाद सुरू झाला.

या हक्कांची नोंद मुळात होती. तिला निस्तार पत्रक म्हणतात: गावकऱ्यांनी जळण, चराई, गवत, बांधकामाचं लाकूड कुठून आणि कोणत्या अटींवर घ्यायचं त्याची गावनिहाय यादी. दुसरा कागद वाजिब-उल-अर्ज. त्यात पाटाच्या पाण्याच्या, वाटेच्या, मासेमारीच्या रूढी लिहिलेल्या. जमीन महसूल संहितेत या दोन्हींची तरतूद आहे, कलम १६१ पासून पुढे, आणि ती फक्त विदर्भाला लागू आहे. पुण्या-साताऱ्याच्या महसूल कर्मचाऱ्याला हे शब्द आयुष्यात भेटणार नाहीत. गडचिरोलीत मात्र ते जिवंत आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांच्या यादीत ‘निस्तार’ हा शब्द जसाच्या तसा आला. मेंढा (लेखा) हे गाव सामूहिक वनहक्क मिळवून देशभर गाजलं, त्यामागे अशीच जुनी वहिवाट होती.

उलट बाजू म्हणजे ‘झुडपी जंगल’. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत महसुली कागदात पडीक, खुरट्या झुडपांच्या जमिनीला हा शेरा होता. गुरं चारायची, गावठाण वाढलं की घरं बांधायची, शाळा काढायची ती याच जमिनीवर. १९८० चा वनसंवर्धन कायदा आल्यावर ‘जंगल’ या एका शब्दाने सगळं अडलं. सुमारे ८६ हजार हेक्टरचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २२ मे २०२५ ला न्यायालयाने सांगितलं की झुडपी जंगल हे वनच. पण १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींना केंद्राच्या मंजुरीने नियमित करता येईल. शंभर वर्षांपूर्वी बंदोबस्ताच्या, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवण्याच्या, वेळी कुणा कारकुनाने झुडपं बघून दोन शब्द लिहिले, त्यावर आज नागपूरच्या वस्त्यांचं ठरतं.

मराठवाडा: फसली सालं आणि माश

मराठवाड्याचे जुने कागद उघडले की आधी सालाशी झटापट. हैदराबादेत फसली सन चाले. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. म्हणून फसली १३५८ चा कायदा म्हणजे १९४८-४९ चा. हक्कनोंदणीची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ पासून रुजली होती; हैदराबादेत ती थेट याच फसली १३५८ ला आली. त्यामुळे मराठवाड्यात १९५४-५५ चं खासरा पत्रक हाच अनेकांचा पहिला भक्कम पुरावा असतो.

इनाम, म्हणजे राज्याने बक्षीस किंवा सेवेपोटी दिलेल्या, जमिनींचे इथे दोन प्रकार वारंवार भेटतात. मदतमाश म्हणजे एखाद्या माणसाच्या चरितार्थासाठी दिलेली जमीन. खिदमतमाश म्हणजे मंदिर, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेली. पहिलीत मालक माणूस आहे, १९५४ च्या इनाम निर्मूलन कायद्यानंतर ती नजराणा भरून मोकळी होण्याची वाट आहे. दुसरीत सेवा करणारा केवळ सेवेकरी आहे; त्याच्या नातवाने प्लॉट पाडून विकले तरी घेणाऱ्याच्या हाती मालकी येत नाही. मराठवाड्यातल्या शहरांच्या कडेला अशा प्लॉटांवर कर्ज काढून घरं बांधलेली कुटुंबं कमी नाहीत.

हे जुने कागद किती जड ठरू शकतात हे गेल्या काही वर्षांत सगळ्यांनी पाहिलं. कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचकांना अचानक मागणी आली. २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयानंतर ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द चहाच्या टपरीवर पोहोचला. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात बरंच बोललं गेलं आहे, ते इथे नको. पण ज्या दप्तरांना कसर लागली तरी कुणाला पर्वा नव्हती, तीच उघडण्यासाठी रांगा लागल्या, एवढं खरं.

वतनं, आणि जिथे मालक देव आहे

पश्चिम महाराष्ट्राच्या कागदांत इनामाचे वर्ग असतात. त्यातला ‘६ ब’ म्हणजे सरकारी चाकरी करणाऱ्या महार, रामोशी यांची कनिष्ठ वतनं. चाकरी रात्रंदिवस, मोबदला जमिनीचा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ मध्येच या वतनाविरुद्ध विधेयक आणलं होतं. कायदा झाला १९५८ मध्ये, १ ऑगस्ट १९५९ पासून लागू. जमिनी वतनदारांनाच परत दिल्या, पण नव्या आणि अविभाज्य शर्तीवर: परवानगीशिवाय विकायची नाही. २०२५ मध्ये पुण्याजवळच्या मुंढव्याच्या जमिनीवरून जे वादळ उठलं ते महार वतनाचंच.

कोल्हापूर संस्थानात मात्र शाहू महाराजांनी १९१८ मध्येच कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले होते आणि महार वतनाच्या जमिनी रयतावा करून, म्हणजे चाकरीच्या अटीतून मोकळ्या करून, दिल्या होत्या. म्हणजे शेजारच्या सातारा जिल्ह्याच्या चाळीस वर्षं आधी. कोल्हापूरच्या एखाद्या गावात ‘६ ब’ का सापडत नाही याचं उत्तर तिथे आहे.

आणि वर्ग ३, देवस्थान इनाम. बाकीची इनामं एकेका कायद्याने गेली, हे पश्चिम महाराष्ट्रात टिकलं. सातबाऱ्यावर मालक म्हणून मारुती किंवा भैरवनाथ असतो, पुजारी किंवा गुरव फक्त वहिवाटदार. देव सही करत नाही, त्यामुळे विक्री होत नाही. निदान व्हायला नको. तरी होते, आणि फेरफार (मालकीबदलाची नोंद) नामंजूर झाला की घेणारा गावभर फिरतो.

आपल्या गावाचं हे सगळं शोधायचं असेल तर सुरुवात सातबाऱ्यावरच्या वर्तुळातल्या आकड्यांपासून करावी. ते फेरफार क्रमांक. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज केला की मिळतात, बऱ्याच जिल्ह्यांचे आता ऑनलाइनही आहेत. मराठवाड्यात खासरा पत्रक, नागपूरकडे बंदोबस्ताची मिसल (फाइल), जमीन इनामी असेल तर तिचं इनाम रजिस्टर. मोडी असेल तर वाचक गाठावा, अंदाजाने वाचू नये. शेजारी जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर उघडून ठेवावं. सरकारच्या दर्शनिका विभागाने ती मोफत वाचायला दिली आहेत.

आणि त्याआधी एवढं विचारून घ्यावं की १९४८ ला हा तालुका कुणाचा होता. राजुऱ्याची जमीन असेल तर चंद्रपूरला कागद नाही म्हणून परत फिरू नका. तो तालुका निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यातला. १९५६ ला नांदेडमध्ये आला आणि १९५९ ला चांद्यात गेला. चंद्रपूरनंतर नांदेडला अर्ज करा, तिथेही नसेल तर आदिलाबादला.